शेवटी येणाऱ्याचं पाणी

प्रश्न : ताई, आमच्या चार सोसायट्यांनी मिळून मार्चमधल्या एका रविवारी खारघरच्या डोंगराच्या पायथ्याला ओरिएंटीअरिंगची स्पर्धा ठेवली आहे. १२० जण, तीन कोर्स, म्हणजे लहान-मोठे तीन मार्ग. निम्मे लोक पहिल्यांदाच नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावणार. आंतरराष्ट्रीय नियमात विजेत्याच्या वेगाने दर २५ मिनिटांना पाणी असावं असं वाचलं. आमच्या मोठ्या कोर्सचा विजेता ४० मिनिटांत येईल. म्हणजे मध्ये पाण्याचं एक टेबल पुरे ना? आणि एकूण पाणी किती आणायचं? – एक वाचक, खारघर

उत्तर : नियम तुम्ही बरोबर वाचलात. विजेत्याला ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल, तर त्याच्या वेगाने किमान दर २५ मिनिटांना पाणी हवं, असंच आंतरराष्ट्रीय ओरिएंटीअरिंग महासंघ सांगतो. पण तो नियम वर्षभर सराव करणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. त्यांच्यात पहिला आणि शेवटचा यांत फार तफावत नसते. तुमच्याकडे निम्मे जण नवखे. तुमचा विजेता ४० मिनिटांत येतो, त्याच कोर्सला नवखा माणूस आरामात दोन तास घेतो. चुकतो, उभा राहतो, मागे फिरतो, नकाशा उलटासुलटा करून बघतो.

आता घड्याळ लावा. टेबल बरोबर मध्यावर ठेवलंत तर विजेता तिथे विसाव्या मिनिटाला पोचेल, नवखा तासाभराने. पुढचा एक तास त्याला पाणी नाही. त्यात या खेळात सगळे एकदम सुटत नाहीत, एकामागोमाग सोडावे लागतात. पहिला सातला सुटला तर शेवटचा पावणेआठला सुटेल. म्हणजे विजेता परत येऊन सावलीत बसलेला असेल तेव्हा शेवटचा जेमतेम निघत असेल, आणि तो परतेल पावणेदहाला. मार्चमध्ये आपल्याकडे पूर्वेचे कोरडे, तापलेले वारे सुटतात आणि समुद्रावरचा वारा यायला उशीर होतो, त्या दिवसांत सकाळी साडेनऊलाच डोंगराचा कातळ भाजायला लागतो. सर्वांत कडक ऊन आणि सर्वांत जास्त वेळ, दोन्ही सर्वांत हळू माणसाच्या वाट्याला येतं. म्हणून पाण्याचा हिशोब विजेत्याच्या घड्याळाने करू नका, शेवटच्याच्या घड्याळाने करा. तुमच्या मोठ्या कोर्सवर दोन जागी पाणी हवं आणि साडेनऊला कोर्स बंद करायला हवा. शेवटचा सव्वासातलाच सुटेल अशा बेताने सुरुवातीच्या वेळा आखा. सकाळी एक-एक मिनिटाने तिन्ही कोर्सवर एकेक जण सोडलात तर १२० जण चाळीस मिनिटांत निघतात.

आता लिटरचं बघू. सुरुवातीला माणशी १५० मिली, वाटेतल्या दोन जागी २५०-२५० मिली, शेवटी ७५० मिली. झाले १४०० मिली. १२० जणांचे १६८ लिटर. सांडणं, कार्यकर्ते, कुणाचा तरी लहान मुलगा, यासाठी पाव हिस्सा वर धरा, २१० लिटर होतात. वीस लिटरचे अकरा जार आणा. एक सुरुवातीला, दोन-दोन वाटेतल्या दोन्ही जागी, उरलेले सहा शेवटी. छोट्या कोर्सवाले दोन्ही टेबलांवर जाणार नाहीत, तिथे थोडं उरेल. उरू दे. उरलेलं पाणी झाडांना घालता येतं.

जे मी वारंवार पाहते ते सांगते. सव्वानऊची वेळ. टेबलावरची दोन मुलं जार तिरका धरून उभी आहेत, तोटीतून धार येत नाही, थेंब येतात. पुढ्यात पस्तिशीतला एक माणूस, ओठांना पांढरी साय धरलेली, हातात घामाने मऊ पडलेला नकाशा. त्याच्या ग्लासात अर्धा घोट पडतो. मुलं म्हणतात, काका, फिनिशला मिळेल. फिनिश तिथून अजून पाच कंट्रोल, म्हणजे नकाशावर दाखवलेले हजेरीचे थांबे, लांब. आधी येऊन गेलेल्या दणकट पोरांनी दोन-दोन ग्लास प्यायले, एक डोक्यावर ओतला. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण तेव्हा जार भरलेला होता. वाटेतल्या प्रत्येक जागी एका जाराइतकं पाणी बाजूला ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा : मागून येणाऱ्यांसाठी. एवढ्याने हा प्रकार थांबतो.

टेबल कुठे ठेवायचं हे रस्त्यावरच्या शर्यतीपेक्षा वेगळं असतं. इथे दोन कंट्रोलच्या मधली वाट ज्याची त्याने निवडायची असते. तुम्ही छान पायवाटेवर टेबल मांडाल आणि अर्धे लोक टेकाडाच्या पलीकडून निघून जातील. पाणी कंट्रोलवरच हवं, कारण तिथे प्रत्येकाला पंच करायला, म्हणजे पोचल्याची नोंद करायला, यावंच लागतं. शक्यतो दोन-तीन कोर्सना सामाईक असलेला कंट्रोल निवडा. आणि ते छापा : नकाशावर जांभळ्या रंगात पेल्याचं चिन्ह असतं, कंट्रोलच्या माहितीपट्टीत शेवटच्या रकान्यात तेच येतं. नवख्यांना ते चिन्ह सुरुवातीलाच बोटाने दाखवा. पुढे पाणी आहे हे ज्याला माहीत असतं तो हातातली बाटली जपून संपवतो.

दुसरं दाखवायचं ते निळ्या रेघांचं. नकाशावर ओढा दिसला की नवखा धरून चालतो की तिथे पाणी असेल. खारघरचे धबधबे पावसाळ्यातले. मार्चमध्ये ओढ्यात दगड असतात, नाहीतर एखादं हिरवं डबकं. तुटक निळी रेघ म्हणजे हंगामी प्रवाह, हे सुरुवातीच्या सूचनांत सांगा. आणि डोंगरावरच्या आदिवासी पाड्यांच्या विहिरीवर किंवा बोअरवर एकानेही बाटली भरायची नाही, हेही ठणकावून सांगा. उन्हाळ्यात तिथल्या बायका हंडा-हंडा करून पाणी साठवतात. आपल्या रविवारच्या हौसेसाठी त्यातला तांब्याभरही घेऊ नये.

जार वर कसा न्यायचा हेही विचाराल. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो, शिवाय धरायला नीट मूठ नाही. टेम्पो जातो तिथपर्यंत जार न्या, पुढे पाच लिटरच्या कॅनमधून. दोन हातांत दोन, म्हणजे दहा किलो, ते कुणीही धडपणे चढवू शकतो. आदल्या रात्री ठेवून येऊ नका. माकडं, गुरं, येणारेजाणारे, सकाळी काय शिल्लक असेल सांगता येत नाही. पहाटे नेऊन सावलीत ठेवा. सोसायटीत टँकर येत असेल तर ते पाणी पिण्यासाठी भरू नका. ढकल-झाकणाचे थंड कॅम्पर मिळतात तेही नको, सील नसल्यामुळे आत कुठलं पाणी आहे ते कळत नाही. सीलबंद जार घ्या. बर्फ पाण्यात टाकू नका, बाहेरून लावा.

प्लास्टिकचे ग्लास आपल्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत. प्रत्येकाला स्वतःचा छोटा पेला किंवा बाटली आणायला सांगा आणि टेबलावर तोटी नाहीतर ओगराळं ठेवा. भांड्यात पेला बुडवू देऊ नका. घामाचे, मातीचे १२० हात एका पिंपात गेले तर पोट बिघडायला आणखी काही लागत नाही.

फिनिशजवळ एक टब आणि चार बादल्या पाणी निराळं ठेवा, प्यायचं नव्हे, अंगावर ओतायचं. हे पाणी त्या अकरा जारांच्या बाहेरचं. १६ एप्रिल २०२३ ला आपल्या याच खारघरमध्ये मोकळ्या मैदानावरच्या समारंभानंतर उष्माघाताने १४ जण गेले. ती माणसं धावत नव्हती, बसलेली होती. तुमचे लोक तर चढावर धावणार. कुणी बरळायला लागलं, तोल जाऊ लागला, ओळखीच्या माणसाला ओळखेना, तर तो नुसता दमलेला नाही. त्याला सावलीत घ्या, जादा कपडे काढा, गार पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ धरा आणि १०८ ला फोन करा. गार करणं आधी, गाडीची वाट पाहणं नंतर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि एक खूण याच खेळातली : शहाणा खेळाडू एकाएकी उघड्या, सोप्या जागी चुकायला लागला तर टेबलावरच्या माणसाने त्याला बसवावं आणि त्याच्याशी दोन वाक्यं बोलून बघावं.

प्रश्न : आम्ही येऊरला अशीच स्पर्धा घेणार आहोत. प्रत्येकाने आपली बाटली आपण आणावी, असं जाहीर केलं तर टेबलांची कटकटच नको. यात काय चुकतं? – एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : बाटली आणायला जरूर सांगा, पण टेबल काढू नका. एका हातात नकाशा, दुसऱ्यात होकायंत्र, मग बाटली कुठे? कमरपट्टा किंवा पाठीवरची पिशवी मुरलेल्यांकडे असते. पहिल्यांदा येणारी माणसं अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन निघतात आणि तिसऱ्या कंट्रोलला ती रिकामी होते. नेमकी जी माणसं जास्त वेळ बाहेर राहणार, तीच कमी पाणी घेऊन निघतात.

तुम्ही येऊरचा उल्लेख केला आहे. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे काहीही मांडायचं नाही. परवानगी मिळाली तरी पाण्याच्या जागी माणूस बसवाच. माकडं बाटलीचं झाकण चावून काढतात, आणि फुटलेलं प्लास्टिक रानात राहतं.

प्रश्न : साधं पाणी द्यावं की इलेक्ट्रोलाइटचं? काही पालक म्हणतात, मुलांना दर कंट्रोलला जबरदस्तीने पाणी पाजा. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : वाटेत साधं, स्वच्छ पाणीच. नियमावलीतही शुद्ध पाणीच म्हटलं आहे, आणि दुसरं काही ठेवलंत तर त्यावर स्पष्ट लिहा असं सांगितलं आहे. दोन पिंपं, दोन मोठ्या मराठी पाट्या : पाणी, सरबत. घाईत आलेल्याने डोक्यावर लिंबूसरबत ओतून घेतलेलं मी पाहिलं आहे. डोळे चुरचुरून त्याला पुढचा नकाशा दिसेना.

जबरदस्ती नको. तहान लागेल तसं प्यावं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालेलं आढळलं होतं, आणि शर्यतीत वजन वाढणं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं, याच्याशी त्याचा सर्वांत मोठा संबंध दिसला. तासाभराच्या कोर्सला ही भीती फारशी नाही, पण जो दोन तास चालत चालत येतो आणि प्रत्येक टेबलावर पोटभर पितो, त्याला आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय, पोट डबडबलंय आणि तो भरपूर पाणी प्यायलाय, तर आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरांकडे न्या.

शेवटच्या टेबलावर मात्र मीठ-साखरेचं काहीतरी ठेवा. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच मिसळा, अंदाजाने नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोकम सरबत, पन्हं हेही चांगलं, मुलं आवडीने पितात. पन्ह्यात मीठ घालायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात पंधरा मिनिटांची स्प्रिंट, म्हणजे छोटी ओरिएंटीअरिंग स्पर्धा आहे. मध्ये पाणी ठेवू का? – एक शिक्षिका, नेरूळ

उत्तर : मध्ये नको, सुरुवातीला आणि शेवटी ठेवा. पण मुलं धावतील पंधरा मिनिटं आणि आपला नंबर येईपर्यंत रांगेत थांबतील तासभर. ती रांग मैदानात लावू नका, व्हरांड्यात लावा आणि पाण्याचं पिंप रांगेच्या शेजारी ठेवा. टोप्या घालायला लावा. साडेआठच्या आत शेवटचं मूल सुटेल इतकेच गट घ्या, बाकीचे पुढच्या शनिवारी.