हुडकलं, पण घावलं का?

प्रश्न : आमच्या घरी कराडकडची बोली चालते. मुलाने निबंधात 'आजीने चष्मा हुडकला' असे लिहिले. वहीत 'हुडकला'वर लाल रेघ आणि बाजूला 'शोधला'. हुडकणे हा शब्द अशुद्ध आहे का? तो आला कुठून? आणि त्याच्या जोडीचे 'घावणे' (सापडणे) हे 'घाव'वरून आले, असे काही जण म्हणतात, ते खरे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हुडकणे कन्नडमधून आले. कन्नडमध्ये आजही 'हुडुकु' म्हणजे शोधणे. मराठीने मधला उकार गाळला, 'णे' लावले आणि शब्द घरचा केला. तो रुळला तोही कन्नड मुलखाला लागून असलेल्या पट्ट्यात: बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, साताऱ्याचा मोठा भाग. वऱ्हाडाकडे गेलात की 'धुंडणे' भेटते, ते हिंदीतल्या 'ढूँढना'च्या गोतातले.

शब्दातला 'ह' नीट पाहा. जुन्या कन्नडमध्ये हेच क्रियापद 'पुडुकु' होते. सुमारे दहाव्या शतकापासून पुढच्या काही शतकांत कन्नडमधल्या शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' होत गेला. तेलुगूत दूध 'पालु', कन्नडमध्ये 'हालु'. तेलुगूत फूल 'पुव्वु', कन्नडमध्ये 'हूवु'. मराठीत 'पुडकणे' नाही, 'हुडकणे' आहे. म्हणजे हा शब्द आपल्याकडे आला तो कन्नडमध्ये हा बदल होऊ लागल्यानंतर. किटेलचा 1894चा कन्नड कोश चाळताना हेच ध्यानात ठेवा: असा शब्द 'ह'खाली पाहून थांबू नका, 'प'खालीही बघा. मराठी बाजूने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहणार असाल, तर तिथे क्रियापदे 'णें' अशी अनुस्वार देऊन छापलेली असतात. हिंदीतल्या 'हुड़कना'च्या मागे मात्र लागू नका. त्याचा अर्थ मुलाने कुणाच्या तरी आठवणीने झुरणे, शोधण्याशी त्याचे काही देणेघेणे नाही.

आता अशुद्धतेचे. 'शोधणे' हे 'शुध्' धातूवरून आले. मुळात ते साफ करणे, निवडून स्वच्छ करणे. वैद्य गुग्गुळाचे 'शोधन' करतात ते याच अर्थाने, आणि छापखान्यातले 'मुद्रितशोधन' म्हणजे मजकूर हुडकणे नव्हे, त्यातल्या चुका काढणे. साफ करताना नीट पाहावे लागते, पाहता पाहता अर्थ तपासण्यावर आणि मग शोधण्यावर गेला. हुडकणे पहिल्यापासून शोधण्याचेच काम करते. तेव्हा निबंधात 'प्रमाणभाषेत शोधला लिही' असा शेरा योग्य. 'अशुद्ध' हा शेरा चुकीचा.

'गवसणे'ने तर बाजूच बदलली. संस्कृत 'गवेष्' म्हणजे शोधणे. त्यात 'गो' आहे, मूळ अर्थ गाई शोधत हिंडणे. ज्ञानेश्वरीत (शके 1212) 'गिंवसणे' येते ते शोधणे याच अर्थाने. आज मात्र 'सूर गवसला' म्हणजे सापडला. कर्ताही बदलला: पूर्वी 'मी' गिंवसत असे, आता 'मला' गवसते. (तंबोऱ्याची गवसणी, आकाशाला घालतात ती, अर्थाने वेगळी. ती इथे ओढू नये.)

घावणे आणि घाव यांचे नाते जुळत नाही. 'घाव' संस्कृत 'घात'वरून आला. घावणे म्हणजे सापडणे, हाती लागणे; त्यात जखम, मार काही नाही. दुसरे, कोकणात हेच क्रियापद 'गावणे' असे आहे: मालवणीत 'माका गावला नाय'. मालवणी शब्दाच्या शेवटचा महाप्राण ('ध', 'घ' यांतला हकार) सोडते, दूधचे 'दूद' होते. पण आरंभीचा 'घ' ती राखते, घर हे घरच राहते. मूळ 'घाव' असता, तर तिथेही 'घावणे'च ऐकू आले असते. तसे तिथे घावणे असतात, पण ते तांदळाच्या पिठाचे, तव्यावरचे.

प्रश्न : एकांकिकेत कोल्हापूरकडचे पात्र आहे. 'मी किल्ली घावली' हे वाक्य तालमीत खटकले. काय चुकले?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हुडकणे सकर्मक, घावणे अकर्मक. हुडकणारा कर्ता असतो: 'म्या किल्ली हुडकली'. घावताना वस्तू कर्ता होते आणि माणसाला 'ला' लागतो: 'मला किल्ली घावली'. 'सापडणे'च्या जागी बसवून पाहा. 'मी किल्ली सापडली' म्हणत नाही, तसेच हे.

माणूसच कर्ता झाला तर अर्थ पकडला जाण्याकडे झुकतो. 'चोर घावला', 'आता बरा घावलास!' हे दुसरे वाक्य रागाने म्हटले तर धमकी, हसून म्हटले तर 'किती दिवसांनी भेटलास'. संवादात दोन्हींचा उपयोग होईल.

रूपे सांभाळा. 'सापडेल'ला 'घावंल', 'सापडेना'ला 'घावंना', चालू काळात कोल्हापुरी 'हुडकालोय'. प्रत्येक 'ण'चा 'न' करून बोली होत नाही, तसे लिहिले की पात्र खोटे वाटते. एवढे पुरे:

'काय हुडकालायस?'
'चावी. सकाळधरनं घावंना.'
'खिशात बघ की.'