उतरताना काँकॉर्डचं नाक वर का?

प्रश्न : काँकॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाच्या पंखांना फ्लॅप (उचल वाढवायला खाली झुकवायच्या पट्ट्या) नव्हते म्हणे. मग कमी वेगात ते हवेत तरायचं कसं? आणि उतरताना नाक एवढं वर का?

उत्तर : दोन्हींच्या मुळाशी पंखावरचे भोवरे आहेत. काँकॉर्डला शेपटीकडे आडवा पंख नव्हता. मागच्या कडेला फ्लॅप सोडले असते तर नाक खाली गेलं असतं आणि ते सावरायला मागे काहीच नव्हतं. म्हणून उचल वाढवायची ती पंख हवेशी जास्त तिरका धरूनच.

साधा पंख 15 अंशांच्या आसपास तिरका झाला की वरचा प्रवाह सुटून विस्कटतो, उचल कोसळते. हाच स्टॉल. काँकॉर्डसारख्या खूप मागे झुकलेल्या त्रिकोणी पंखावरही प्रवाह सुटतो, पण विस्कटत नाही. खालची हवा पातळ कडेवरून वर येते, तिला एवढं तीव्र वळण घेता येत नाही, ती कडेलाच सुटते आणि चटईच्या गुंडाळीसारखी वळत मागे जाते. हाच भोवरा. त्याच्या गाभ्यात दाब फार कमी असल्याने पंख वर ओढला जातो. दमट हवेत हे डोळ्यांना दिसतं : गाभ्यातली हवा प्रसरण पावून थंडावते आणि पंखावर धुक्याचा पांढरा पीळ उमटतो. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रात डीट्रिश क्युशेमान आणि योहाना वेबर यांनी या सुटलेल्या प्रवाहालाच कामाला लावलं, हे फार मोठं धाडस होतं.

उतरताना विमान 3 अंशांच्या उतारावर आणि नाक क्षितिजाच्या 11 अंश वर, म्हणजे हवेशी कोन 14 अंश. धावपट्टी दिसावी म्हणून नाकाचं टोक 12.5 अंश खाली झुकवत. खरी अडचण रोधाची, म्हणजे हवेच्या मागे खेचण्याची. वेग घटला की कोन वाढवावा लागतो, त्याने रोध वाढतो आणि वेग आणखी घटतो. म्हणून इंजिनांचा जोर सतत सांभाळायला ऑटोथ्रॉटल ही तो आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा लागे.

प्रश्न : एफ-18 या अमेरिकी लढाऊ विमानाच्या पंखाच्या मुळाशी उभी छोटी पट्टी कशासाठी?

उत्तर : तिथून कॉकपिटकडे गेलेल्या धारदार भागावरही असाच भोवरा उठतो. मोठ्या कोनात तो शेपटीच्या उभ्या पंखांपुढे फुगून फुटायचा, त्या धक्क्यांनी ते पंख थरथरत आणि त्यांच्या जोडाला तडे जात. ही पट्टी भोवऱ्याची घडण बदलते, तेव्हा धक्के सौम्य होतात.