लाखाचा पगार आणि तिसरा हिस्सा

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

"महिना लाख मिळणार, तरी डोंबिवलीतला टू बीएचके झेपेल असं वाटत नाही, माझंच काही चुकतंय का?" असं विचारलंस. तुझं चुकत नाहीये. तो लाख लाख नाहीये, एवढंच.

सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, 12 लाख. त्यात 10 टक्के व्हेरिएबल, म्हणजे महिन्याला 10,000 कागदावरच. वर्षअखेरीला दिले तर दिले. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 50,000 धर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 6,000 आणि ग्रॅच्युइटी 2,405, दोन्ही तुझ्याच सीटीसीत बसवलेत. राहिले 81,595. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 6,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की खात्यात 75,395. आयकराची भीती नको, 2025-26 साठी नव्या करप्रणालीत 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या पगाराला कर नाही.

आता माझं एकच म्हणणं. घरावर, म्हणजे हप्ता किंवा भाडं अधिक मेंटेनन्स, हातात पडणाऱ्या पैशाचा तिसरा हिस्सा. तुझ्या बाबतीत 25,000. जुन्या वळणाचा म्हण, चिकट म्हण, आकडा हलणार नाही.

बँक 45 लाख द्यायला तयार आहे म्हणून हुरळू नकोस. बँकेला हप्ता वेळेवर आला की झालं, तू महिनाअखेर काय खातेस ते ती विचारत नाही. साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 39,052. मेंटेनन्स 4,000 धरला तर 43,000 गेले. हा तिसरा हिस्सा नाही, निम्म्याहून जास्त आहे! आणि पहिल्या हप्त्यातले 31,875 नुसतं व्याज, मुद्दल फिटतं 7,177. भाड्याचे 16,000 'पाण्यात जातात' असं तुझे बाबा म्हणतात ना? मग हे 31,875 कुठे जातात, ते त्यांना विचार. 'आधी घर, मग बाकीचं' हे तुमच्या कानात फुंकणाऱ्यांत मीही होतो, म्हणून आज एवढा चिडून लिहितोय.

व्याजदर बदलता आहे, हेही विसरू नकोस. तो साडेनऊ झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर पहिल्या दिवसापासून धरल्यास 20 वर्षांचं कर्ज जवळजवळ 26 वर्षांचं होतं. बँका बहुधा हप्त्याऐवजी मुदतच वाढवतात, त्यामुळे कित्येकांच्या ते लक्षातही येत नाही.

सुरुवातीची रोकड वेगळी. 57 लाखांच्या फ्लॅटला तुझे 12 लाख. एवढ्या रकमेच्या कर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांवर जात नाही आणि मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही. ते शुल्क 7 टक्के, बायकांना सवलत आहे म्हणून फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर 6, म्हणजे 3 लाख 42 हजार. बाबांचं नाव जोडलंस की ती सवलत गेली, 57 हजार जास्त. नोंदणीचे 30,000. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी. ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, आलेली असेल तर नाही.

ओसीवरून आठवलं. डोंबिवलीत फक्त महारेराचा, म्हणजे सरकारी गृहप्रकल्प नियामकाकडच्या नोंदणीचा, नंबर बघून भागत नाही. बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. कर्ज काढून घरं घेतलेली कुटुंबं त्यांत होती, आणि इमारत बेकायदा ठरली म्हणून हप्ता थांबत नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेत जाऊन ताडून बघ. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त मागता येत नाही, तोही कायदा आहे.

शिळफाट्याच्या बाजूला स्वस्त मिळतंय म्हणतेस. मिळेल. शेअर रिक्षाचे रोजचे दोन्ही वेळचे पैसे आणि कल्याण-शीळ रस्त्यावर अडकून चुकलेली लोकल, हे घराच्याच खर्चात धर. हो, त्याच 25,000 मध्ये.

तर 25,000 मधून मेंटेनन्स वजा केला की हप्त्याला उरतात 21,000. त्यात कर्ज बसतं 24 लाखांचं. स्टेशनजवळचा टू बीएचके त्यात येत नाही, हे मलाही कळतं गं. मग भाड्याने राहा. 16,000 भाडं म्हणजे तिसऱ्या हिश्श्यातलेही 9,000 शिल्लक. ते दरमहा बाजूला पडू देत, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी पीएफ मोडावा लागणार नाही. बाकीच्या 50,000 मध्ये किराणा, फर्स्ट क्लासचा पास, आईबाबांचा मेडिक्लेम, नोकरी गेली तर सहा महिन्यांचा खर्च, सगळं रडतखडत बसतं. रडतखडतच.

टोकनचे 51,000 शनिवारी द्यायचेत ना? शुक्रवारपर्यंत ऑफर लेटरमधलं पगाराचं पान आणि बिल्डरच्या परवानगीची प्रत मला पाठव. बेसिक माझ्या अंदाजापेक्षा कमी-जास्त असेल तर हातात येणारा आकडा बदलेल. हिस्सा मात्र तिसराच राहील.

तुझा,
मामा