उपांत्यपूर्व फेरीत हरूनही साक्षी मलिकला रिओत कांस्यपदक कसं मिळालं?
रेपेचाजमुळे. ऑलिम्पिक कुस्तीत अंतिम फेरी गाठणाऱ्या दोघींकडून ज्या हरल्या, त्यांनाच कांस्यपदकासाठी पुन्हा मॅटवर उतरता येतं. बाकीच्यांनी गाशा गुंडाळायचा. २०१६ चा ५८ किलो गटाचा ड्रॉ (कोण कोणाशी लढणार याचा तक्ता) बघा: साक्षीला हरवणारी रशियाची कोब्लोव्हा फायनलला पोचली, तेव्हा कुठे साक्षीला दार उघडलं. मग आधी मंगोलियाची पुरेव्हदोर्ज, नंतर कांस्यच्या कुस्तीत किरगिझस्तानची तिनिबेकोवा. ०-५ अशी पिछाडी आणि शेवटी ८-५! ड्रॉच्या दोन बाजू, म्हणून कांस्यपदकंही दोन. फक्त हा नियम सगळीकडे लावू नका. बॉक्सिंगमध्येही दोन कांस्य असतात, पण ती उपांत्य फेरीत हरलेल्यांना पुन्हा न लढताच मिळतात.