आठवड्याचे शर्ट मोबाइलमध्ये लिहून ठेवणारा मुलगा

"कॉलेजला गेल्यापासून पोरगा कपड्यांच्या नादी लागलाय, काय करावं?" प्रवेश आटोपले की दिवाळीपर्यंत हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे सतत येतो. जळगावात खोली करून शिकणाऱ्या मुलांचे आईवडील पारोळा, चोपडा, यावल, एरंडोल अशा तालुक्यांतून येतात आणि थोड्याफार फरकाने तेच सांगतात. सारखे पैसे मागतो, आरशासमोरून हलत नाही, केस कसेतरीच कापलेत, घरी आला की बोलत नाही. त्यातल्या एका मुलाची हकिकत इथे सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, आणि लिहायला मुलाची व त्याच्या आईची परवानगी आहे.

आई अमळनेर तालुक्यातली. कोरडवाहू कपाशी, थोडी ज्वारी. मुलगा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, जळगावात तिघांसोबत खोलीवर. "मन्हा पोऱ्या बिघडी गया, ताई," एवढं म्हणून त्या बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या. दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या होत्या. कॉलेजातून हजेरी कमी असल्याचं पत्र आलं होतं, आणि एका माणसाने फोन करून मुलाचा हप्ता थकल्याचं सांगितलं होतं. 'आत्ता घ्या, नंतर भरा' असं सांगणाऱ्या एका ॲपवरून त्याने बूट आणि दोन टी-शर्ट घेतले होते. आईने दोन्हींचा मेळ घातला: कपड्यांचं वेड लागलं, म्हणून कॉलेज बुडवतो. बाहेरून बघणाऱ्या कुणालाही असंच वाटलं असतं. "त्याचं हे खूळ तेवढं काढून द्या," एवढंच त्यांचं मागणं होतं.

मुलगा आला तो हुडी घालून. मार्च संपत आला होता, पारा चाळिशीला टेकला होता, आणि याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पंखा वाढवला, पाणी दिलं, तरी हुडी निघाली नाही. पहिल्या भेटीत मी कपड्यांचा विषय काढला नाही. आठवडा कसा जातो ते सांग, म्हटलं. सोमवार सांगितला, मंगळवार सांगितला, बुधवारी अडखळला. बुधवारी तो कॉलेजला जातच नव्हता. का, ते सांगेना. पुढच्या भेटीत त्याने न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात वारांप्रमाणे यादी होती: सोमवारी निळा शर्ट, मंगळवारी चौकडीचा, गुरुवारी परत निळा पण वरून हुडी, शुक्रवारी नवा टी-शर्ट. कुठल्या तासाला कुठली बॅच बसते तेही लिहिलं होतं, म्हणजे एकाच मुलांना एकच शर्ट आठवड्यात दोनदा दिसू नये. बुधवारी धुतलेले कपडे दोरीवर असायचे. बुधवारीच रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं.

ही यादी वाचल्यावर 'नाद', 'वेड', 'खूळ' हे सगळे शब्द मला गैरलागू वाटले. हौस असलेला माणूस कपडे घालून बाहेर पडतो. हा मुलगा कपड्यांमुळे खोलीत बसून राहत होता.

आपल्याकडे याचं एक साधं कारण आहे आणि ते पालकांच्या लक्षात येत नाही. खेड्यातल्या मुलाला शाळेत असेपर्यंत गणवेश असतो. कापूस विकला गेला की दिवाळीला एक जोड, लग्नसराईत एखादा जोड, एवढी त्याची वर्षाची खरेदी, आणि त्यात त्याला काही उणंही वाटत नाही, कारण शेजारच्याचंही तसंच असतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गणवेश सुटतो आणि आयुष्यात पहिल्यांदा रोज सकाळी 'आज काय घालू' हा प्रश्न उभा राहतो. तो सोडवायला कपाटात असतात तेच दोन जोड. शहरातल्या मुलांची या प्रश्नाशी लहानपणापासून ओळख असते. याला तो एका जूनमध्ये अचानक भेटतो, तोही अनोळखी गर्दीत.

मी त्याला विचारलं, "काल तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?" त्याने नाव सांगितलं. "त्याने काय घातलं होतं?" त्याला सांगता येईना. पुढच्या बाकावरच्यांचं? तेही नाही. सरांचा शर्ट? पांढरा असावा, म्हणाला, पण खात्री नव्हती. दुसऱ्यांचे कपडे त्याच्या लक्षात राहत नव्हते. त्याचे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतात, असं तो धरून चालला होता.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये पौगंडावस्थेबद्दल लिहिताना 'काल्पनिक प्रेक्षक' अशी कल्पना मांडली. या वयात आपल्याभोवती कायम बघणारे लोक आहेत असं मुलांना वाटत राहतं. पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावायचा. तरुणांमध्ये हा गायक तेव्हा जुनाट समजला जाई, त्यामुळे तो टी-शर्ट घालणं लाजिरवाणं. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. किती जणांनी टी-शर्ट ओळखला असेल, असं विचारल्यावर घालणाऱ्यांचा अंदाज सुमारे निम्म्यांचा आला. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांनीच ओळखला होता.

हा प्रयोग मी त्याला सांगितला, पण नुसतं सांगून भीती जात नाही. ती अंगावर घेऊन बघावी लागते. ठरलं असं की, सोमवारचा निळा शर्ट त्याने मंगळवारीही घालायचा, हुडी खोलीवर ठेवायची, आणि बुधवारी ओळखीच्या चार जणांना सहज विचारायचं, मी काल काय घातलं होतं? त्याआधी कागदावर अंदाज लिहायचा. त्याने लिहिलं, चारही जण सांगतील. मंगळवारी सकाळी त्याचा मला फोन आला, पोटात गोळा आलाय म्हणून. "जा," एवढंच म्हटलं.

तिघांना आठवलं नाही. एक म्हणाला, लाल होता ना? चौथ्याच्या मात्र लक्षात होतं. मंगळवारीच तो म्हणाला होता, "कालचाच शर्ट का रे?" आणि पुढच्याच वाक्याला त्याने जर्नल मागितलं होतं. हा चौथा मुलगा मला त्या तिघांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कुणालाच दिसत नाही, अशी खोटी खात्री मला द्यायची नव्हती. कुणाला तरी दिसतं, तो म्हणतो, आणि दिवस पुढे जातो. हे त्याने स्वतः अनुभवलं. त्या बुधवारी तो प्रॅक्टिकलला बसला.

इथे गोष्ट संपवता आली असती, पण मग ती अर्धी राहिली असती. काही भेटींनंतर त्याने पहिल्या महिन्यातली एक आठवण सांगितली. तो चपला घालून वर्गात आला होता आणि फोनवर आईशी अहिराणीत बोलत होता. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "थेट वावरातून आला का?" दोन-चार जण हसले. त्या दिवसापासून त्याने वर्गात तर सोडाच, खोलीवरही आईशी अहिराणीत बोलणं थांबवलं. आई विचारायची अहिराणीत, हा उत्तर द्यायचा पुस्तकी मराठीत, तेही दोन शब्दांत. 'घरी आला की बोलत नाही' ही आईची तक्रार तिथून सुरू झाली होती. बूट घेतले तेही त्याच आठवड्यात.

म्हणून 'कपड्यांत काय आहे, मन चांगलं असावं' असं मी कुठल्याच मुलाला सांगत नाही. कपड्यांवरून, पायातल्या वहाणेवरून माणसाची पायरी ठरवायची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात लुगडं कसं नेसायचं आणि अंगावरचे कोणते दागिने टाकून द्यायचे यावर मुद्दाम भर दिला. ज्या खुणांवरून लोक तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात त्या खुणा पुसा, असं ते सांगत होते. इतक्या मोठ्या लढ्यात त्यांना हा विषय किरकोळ वाटला नाही. चपलांवरून हसं झालेल्या मुलाला बूट हवेसे वाटले, यात उधळेपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

अशा शेरेबाजीवर उपायही आहे, तो मुलांना ठाऊक नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या नियमांत दुरुस्ती केली. दिसणं, प्रदेश, भाषा, राहण्याचं ठिकाण किंवा आर्थिक परिस्थिती यावरून विद्यार्थ्याला त्रास देणं, वाळीत टाकणं हेही तेव्हापासून रॅगिंगमध्ये मोडतं. त्रास चालूच राहिला तर कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे जाता येतं, किंवा १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते. या मुलाला तक्रार करायची नव्हती. एकदाच घडलं, म्हणाला. पण तशी सोय आहे हे कळल्यावर तो खुर्चीत जरा ताठ बसला.

मुलींच्या बाबतीत घरची काळजी वेगळी असते, पण मूळ तेच. घरून पंजाबी ड्रेस आणि ओढणी, आणि कॉलेजजवळच्या मैत्रिणीच्या खोलीवर जीन्स-टॉप, असं करणाऱ्या कितीतरी मुली मला भेटतात. याबद्दल माझं मत ठाम आहे. त्या जीन्सने मुलीचं काही बिघडत नाही, लपवण्याने बिघडतं. एसटीत कुणी अंगचटीला आलं तर ती घरी सांगणार नाही, कारण पहिला प्रश्न 'तू काय घातलं होतंस?' हाच असणार, हे तिला माहीत असतं. मुलीच्या पिशवीतला दुसरा ड्रेस सापडला तर तो इस्त्री करून परत तिच्याच हातात द्या आणि सांगा, घरूनच घालून जात जा. गावात दोन तोंडं बोलतील. ती मुलीने एकटीने ऐकण्यापेक्षा आईबापांनी तिच्या बाजूने उभं राहून ऐकलेली बरी.

आता पैशांचं. हप्त्याचं ऐकून आईचा जीव अर्धा झाला होता. भिशीचे पैसे काढून एकदम फेडते, म्हणाल्या. मी थांबवलं. आधी मुलाने किती घेतलं, किती भरलं, दंड किती, हे आईसमोर कागदावर मांडावं. मांडलं तेव्हा रक्कम आईच्या धास्तीपेक्षा बरीच कमी निघाली. उरलेल्या हप्त्यांतले निम्मे त्याने सुट्टीत ओळखीच्या दुकानात काम करून भरायचे, निम्मे घरून. आईचा नंबर त्यानेच अर्जात दिला होता, म्हणून फोन तिथे गेला. पण पालकांनी हेही लक्षात ठेवावं की रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला मोबाइलमधल्या नावांच्या यादीत डोकावता येत नाही. तशी परवानगी मागणारं ॲप दिसलं तर तिथूनच मागे फिरावं.

आणि महिन्याला ठरावीक रक्कम कपड्यांसाठी म्हणून मुलाच्या हातात द्या, असं मी सुचवलं. कितीही लहान असो, पण हिशेब विचारायचा नाही. वडिलांना हे पटेना. "कपडे काय दर महिन्याला घ्यायचे असतात का?" असं म्हणाले. मी म्हटलं, घेणार नाही तो, साठवेल. झालंही तसंच. दोन महिने साठवून त्याने फुले मार्केटमधून एक काळी पँट घेतली, आणि वडिलांचे दोन जुने, ढगळ पण चांगल्या सुताचे शर्ट शिंप्याकडून स्वतःच्या मापाचे करून घेतले. कुठे किती दाबायचं, बाही किती वर घ्यायची, हे त्याने शिंप्याला स्वतः उभं राहून सांगितलं. हे मला सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. त्याला कपड्यांची खरंच जाण आहे. भीतीच्या खाली ती दबली होती, आणि ती काढून टाकायचा मला काही अधिकार नव्हता.

असाच प्रश्न घरात असेल तर एक फरक तपासा. नवे कपडे घालून मूल बाहेर पडतं, मित्रांत जातं, हसतं-बोलतं, तर खर्चाची मर्यादा ठरवा आणि बाकी सोडून द्या. पण कपड्यांपायी, दिसण्यापायी ते बाहेर पडणंच टाळत असेल, नाक, त्वचा, उंची, वजन यावरून तासन् तास आरशात अडकत असेल, जेवण तोडत असेल, तर रागावण्यात वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तालुक्याला कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

मुलाची हजेरी आता रुळावर आहे. मोबाइलमधली यादी त्याने स्वतःहून पुसली, मी सांगितलं नव्हतं. केसांचं भांडण मात्र चालूच आहे. दोन्ही बाजू पार बारीक आणि वर झुलूप, हे वडिलांना अजून सहन होत नाही, आणि मुलगा त्यावर मागे हटायला तयार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईबरोबर मामाच्या गावी जायचं आहे, तिथे सगळे पाहुणे जमतील, तेवढ्यापुरते तरी केस कापून ये, असा वडिलांचा आग्रह आहे. मुलगा म्हणतो, मामांना चालतात. आईने मला फोन करून विचारलं, कुणाची बाजू घेऊ? मी म्हटलं, दोघांना आपसात बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. दोघंही अहिराणीत भांडत आहेत, असं त्यांनीच मला सांगितलं.