पाय झीरोसाठी शेअरपोर्ट-सिंक बिल्ड करताना

शेअरपोर्ट-सिंकचं (एअरप्लेवरून आलेला आवाज वाजवणारा प्रोग्रॅम) बिल्ड लॅपटॉपवर विनातक्रार झालं आणि पाय झीरोवर (रास्पबेरी पायचा छोटा संगणक) चालवताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा, असं आलं, तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. झीरोचा प्रोसेसर एआरएमव्ही६ (व्ही६) या जुन्या रचनेचा आहे. उबुंटूचा तयार ३२-बिट क्रॉस-कंपायलर (एका संगणकावर दुसऱ्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम बनवणारा) त्यापुढची व्ही७ रचना गृहीत धरतो. नुसता कंपायलरचा फ्लॅग (पर्याय) बदलून भागत नाही, सोबतची सी लायब्ररीही व्ही७चीच असते. क्रॉसटूल-एनजी या साधनाने व्ही६ची टूलचेन (कंपायलर आणि सोबतच्या लायब्रऱ्यांचा संच) बनवा. वेळ लागतो, लागू द्या. तिची जीलिबसी (सी लायब्ररी) पायवरच्यापेक्षा नवी नको. अल्सा (आवाज), अवाही (नेटवर्कवर ओळख), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शन) या लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजेस (बिल्डला लागणाऱ्या फाइल्स) पायवर टाकून सिसरूट (पायवरच्या लायब्रऱ्या आणि हेडर्सची प्रत) तिथूनच आणा. लायब्रऱ्या शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला या सिसरूटचाच रस्ता दाखवा, नाहीतर तो गुपचूप लॅपटॉपच्या लायब्रऱ्या उचलतो. बहुतेकांचे तास इथेच जातात. झीरो २ डब्ल्यूवर मात्र व्ही६चा पेच नाही.