'एका तळ्यात होती' या गाण्यातलं कुरूप पिल्लू म्हणजे आपल्या आत लपलेलं खरं रूप आहे का?

असं शाळेत शिकवतात खरं. पण हा अर्थ लहानपणी ज्यांच्या डोक्यावर थापला गेला, त्यांनाही एकदा विचारा. मी त्यातलाच.

आमचं घर मालवणकडच्या किनाऱ्यावरचं, रापणीवर चालणारं. रापण म्हणजे होडीने समुद्रात टाकून किनाऱ्यावरून दोरीने सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. आणि मला होडीत पाय ठेवला की ओकारी. त्यात शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी हेच गाणं बसवलं आणि पिल्लू केलं मला. कारण उघड होतं, वर्गात सगळ्यात काळा नि किडकिडीत मीच. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चोच, तिचं इलॅस्टिक इतकं घट्ट की कानामागे वळ उठले. बाकीच्यांच्या चोची पिवळ्या, माझी बुटाच्या पॉलिशने काळी केलेली. नाच संपला, चोच गेली, नाव तेवढं चिकटलं. मी रापणीच्या दोरीला हात घातला की पलीकडच्या दोरीवरून 'कुरूप वेडे' अशी आरोळी यायची. मासळीचे वाटे पडायचे तेव्हा काका म्हणायचे, "होडयेर चढूक व्हया, मगे पुरो वाटो." मला अर्धा. होडीचा वाटा किती, जाळ्याचा किती, ओढणाऱ्यांचा किती, हा हिशेब मात्र माझ्याच वहीत. दुसऱ्या कुणी केला की भांडणं व्हायची.

आता रत्नागिरीत लोकांचे कर भरून देतो. गणपतीला घरी गेलो की तेच काका पाहुण्यांना सांगतात, "ह्यो आमचो राजहंस." अर्ध्या वाट्यापेक्षा मला हे जास्त लागतं. एकाला राजहंस म्हटलं की बाकीचे आपोआप बदक ठरतात. माझा चुलतभाऊ नुसता पाण्याचा रंग बघून बांगडे कुठे लागलेत ते सांगतो. त्याला कोण राजहंस म्हणतं? तो गावातच राहिला, आणि पर्ससीनची मोठी जाळी लावणाऱ्या बोटींनी नि रात्री एलईडीच्या उजेडात मासे धरणाऱ्यांनी रापणीला फारसं काही उरू दिलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, मूळ गोष्ट हान्स अँडरसनची, 1843 सालची. तो डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या एका गरीब चांभाराचा मुलगा, पुढे राजेरजवाड्यांत वावरला. वर चढण्याची हौस त्या गोष्टीत दिसतेच. त्याचं पिल्लू घर सोडतं, हिवाळ्यात बर्फात गोठतं, शेवटी दुसरे हंस त्याला जवळ करतात आणि बागेतली मुलं म्हणतात, नवा आलेला सगळ्यांत देखणा. गाणं लिहिताना गदिमांनी यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं. गाण्यात बर्फ नाही, दुसरा हंस नाही, कौतुक करणारं कुणी नाही. पिल्लू चोरून पाण्यात बघतं, त्याचं त्यालाच कळतं आणि गाणं संपतं. बाकीच्या बदकांना कळलं की नाही, ते टोचायचं थांबले की नाही, याबद्दल एक ओळ नाही. मला गाण्यातलं हेच सगळ्यात खरं वाटतं. रूप कुठे लपलेलं नव्हतंच, ते रोज त्याच पाण्यावर तरंगत होतं. माझी वही तरी कुठे लपलेली होती? काका तिच्यावरूनच तर पैसे वाटायचे.

आता हेही खरं की गदिमांनी शेवटी 'राजहंस' घातलाच आहे, त्यामुळे काकांचा अर्थ साफ चूक असं मला म्हणता येत नाही. शिवाय घरात पाच वर्षांचं रडवेलं पोर असेल तर त्याला राजहंसच सांगा, माझं हे पुराण नको. आणि शाळेत बसवणार असाल तर पिल्लू कोण ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.